भरतीरेषेच्या वाळूतले निळे धागे: आमची मोजणी चुकली का?

खाडीकाठची बाई
१२ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार. मी रत्नागिरी तालुक्यात, भाट्ये ते पावस या पट्ट्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते.

दिवाळीत किल्ल्यासाठी पुळणीवरून वाळू आणून चाळताना आमच्या नववीतल्या एका मुलीला चाळणीत तीन पांढुरके मणी सापडले. रुमालाच्या कोपऱ्यात बांधून शाळा उघडल्यावर घेऊन आली. "बाई, पुळणीत साबुदाना कोणी सांडला?" पाण्यात टाकले तर भिजेनात, नुसते तरंगत राहिले. तापलेली सुई टेकवली तर मेण वितळावं तसे वितळले आणि वास आला तो पिशवी जळल्याचा. तिथून पाच मुलं त्या वाळूच्या मागे लागली आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय आयता मिळाला: आपल्या पुळणीत किती सूक्ष्म प्लास्टिक आहे?

आम्ही केलं ते असं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलं तशीच पुळणीवर गेली आणि भरतीच्या रेषेवरची एकेक किलो वाळू पाच ठिकाणांहून पिशव्यांत भरून आणली. वर्गाबाहेरच्या पडवीत वर्तमानपत्रावर पसरून ती दोन दिवस सुकवली. जाडं मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात घातलं, त्या पाण्यात वाळू ढवळली, अर्धा तास थांबलो आणि वरचं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर राहिलं ते बशीत घेऊन आधी भिंगाखाली आणि मग शाळेच्या एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. संशय आला की सुई.

पाच किलो वाळूत २१२ निघाले: धागे १२७ (त्यातले १०४ निळे), कडक आणि पातळ तुकडे ६१, थर्माकोलचे दाणे २१ आणि तसलेच आणखी साबुदाणे ३. मुलांनी निळ्या धाग्यांचा निष्कर्षही काढला होता. समोर होड्या, होड्यांवर निळी जाळी, निळे दोर, म्हणजे हे धागे मासेमारीचे. तक्त्यावर होडीचं चित्र होतं, सुंदर.

परीक्षक दोन मिनिटं थांबले. म्हणाले, "मिठाच्या पाण्यात सगळं प्लास्टिक तरंगत नाही, त्यामुळे ही संख्याच चुकीची. आणि मशीनशिवाय हे प्लास्टिक आहे हे कशावरून?" पुढच्या टेबलावर गेले. तिथे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी होता. त्याला दुसरा नंबर.

नंबराचं मला वाईट वाटलेलं नाही. (थोडं वाटलंय.) पण सोमवारी मुलांनी विचारलं, "बाई, आपलं चुकलं काय?" आणि मला सांगता येईना. म्हणून इथे विचारते. चुकलं असेल तर नेमकं कुठे? आणि शाळेच्या सामानात, म्हणजे मीठ, बादल्या, चाळण, भिंग आणि पाच उत्साही पोरं एवढ्यात, ते बरोबर करता येईल का?

शंकासुर
१२ जानेवारी, रात्री ११.१५

बाई, रागावू नका. पुळणीवर डोळ्यांना दिसणाऱ्या बाटल्या, चपला, गुटख्याच्या पुड्या, देवाच्या फोटोच्या फ्रेमा पडल्यात, त्या उचलायला माणूस मिळत नाही आणि तुम्ही पोरांना भिंग देऊन धागे मोजायला लावता. २१२ आले काय आणि ४१२ आले काय, करणार काय त्याचं? पाच पोरांनी त्या वेळात दहा पोती कचरा गोळा केला असता. बाकी ज्वालामुखीला नंबर देणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, आमच्या वेळीही तोच होता.

वाळूवाचक
१३ जानेवारी, सकाळी ७.०५

बाई, मी गोव्यात किनाऱ्यावरच्या गाळावर पीएचडी करतेय, चौथं वर्ष. तुमच्या मुलांनी जे केलं त्याचं महागडं रूप मी रोज करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

परीक्षकांचं अर्धं बरोबर आहे. मीठ कितीही ओता, लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम विरघळतं, पुढचं तळाशी बसतं. त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास येते, त्यावर जात नाही. (१०० मिली मोजून वजन करा, १२० ग्रॅमच्या जवळपास भरलं पाहिजे. अंडं तरंगलं की झालं असं काही जण सांगतात. अंडं त्याच्या कितीतरी आधी तरंगतं.) पिशव्यांचं पॉलिथिन आणि दोरांचं पॉलिप्रॉपिलीन साध्या पाण्यावरही तरंगतं. नायलॉनची घनता १.१४, ते तुमच्या मिठाच्या पाण्यात वर येतं. पाण्याच्या बाटल्यांचं पेट १.३८, तेच कपड्यातलं पॉलिएस्टर. आणि पाइपांचं पीव्हीसीही जड. ही मंडळी वाळूबरोबर खालीच राहतात. आम्ही त्यांच्यासाठी झिंक क्लोराईड किंवा सोडियम आयोडाइड वापरतो. पहिलं कातडी भाजतं, दुसरं खिसा. शाळेत दोन्ही नको.

पण म्हणून तुमची संख्या चुकीची होत नाही. ती "किमान एवढे" अशी संख्या होते. तक्त्यावर "मिठाच्या पाण्यावर तरंगणारे तुकडे" एवढे शब्द वाढवले असते तर त्या आक्षेपाला जागाच नव्हती. मशीनचंही तसंच. तुकडा नेमका कुठल्या प्लास्टिकचा हे सांगायला एफटीआयआर किंवा रामन ही प्रकाशाने पदार्थ ओळखणारी यंत्रं लागतात. नुसतं प्लास्टिक आहे की नाही एवढंच बघायचं तर मिलिमीटरभराच्या तुकड्याला सुई पुरते.

खरी भोकं परीक्षकांनी विचारलीच नाहीत.

पहिलं, जागा. पाचही नमुने भरतीच्या रेषेवरचे का? जास्त मिळतं म्हणून, हो ना? समुद्र कचरा जिथे ठेवून जातो तिथलीच वाळू घेतली तर उत्तर "आमच्या पुळणीत" असं लिहिता येत नाही, "आमच्या पुळणीच्या सगळ्यात घाण पट्ट्यात" असं लिहावं लागतं. आणि किती खोलवरची वाळू? आम्ही बहुतेक वेळा वरचे ५ सेंटिमीटर घेतो. कोणी तीन घेतले, कोणी दहा, की तुलना संपली.

दुसरं, किती बारीक? ५ मिलिमीटरच्या आतलं ते सूक्ष्म प्लास्टिक हे सगळ्यांना पाठ असतं, पण खालची हद्द तुमचं फडकं ठरवतं. मलमलीतून जे निसटलं ते तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही. चाळण वापरलीत तर एका सेंटिमीटरमध्ये किती भोकं येतात ते मोजून लिहून ठेवा. २००४ साली इंग्लंडमधल्या प्लिमथचे सागरी शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांनी हे सूक्ष्म तुकडे जगाच्या नजरेस आणले ते किनाऱ्यावरच्या गाळातूनच. तेव्हापासून मोजणाऱ्यांची संख्या वाढतेय, पण दोन जणांचे आकडे शेजारी ठेवायचे म्हटलं की अजून भांडणं होतात, ती याच दोन गोष्टींवरून.

तिसरं, मीठ. समुद्राच्या मिठातच सूक्ष्म प्लास्टिक असतं. आयआयटी मुंबईच्या दोघांनी २०१८ साली भारतात विकल्या जाणाऱ्या आठ ब्रँडचं मीठ तपासलं होतं, त्यात तुकडे आणि धागे दोन्ही सापडले. (गंमत म्हणजे त्यांनीच दाखवलं की समुद्राचं पाणी साध्या वाळूतून गाळलं तर त्यातलं वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक प्लास्टिक अडतं. वाळू अडवते, म्हणूनच तर ती आपल्याला तपासावी लागते.) तेव्हा मिठाचं पाणी आधी गाळून घ्यायचं, वाळू घालण्यापूर्वी.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. कोरी बशी ठेवली होती का? वाळू न घालता सगळी कृती तशीच करायची, नुसत्या मिठाच्या पाण्याची, आणि त्या बशीत काय येतं ते मोजायचं. पडवीत दोन दिवस उघडी वाळू म्हणजे मला इथे बसून धडकी भरली.

त्रिवेंद्रमकर
१३ जानेवारी, दुपारी १.३०

साबुदाण्याबद्दल मी सांगतो, कारण तो मी किलोकिलोने वेचलाय. मूळचा चिपळूणचा, नोकरीमुळे बारा वर्षं तिरुवनंतपुरममध्ये.

बाई, ते प्लास्टिकचे कच्चे दाणे आहेत. बादली असो, पाइप असो की पिशवी, सगळं या दाण्यांपासून होतं. कारखान्यात ते २५ किलोच्या गोणीतून येतात. एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा धरा. एका गोणीत साडेबारा लाख दाणे. एक गोणी फाटली तर काय होतं याचा हिशेब तुमच्या मुलांनाच करायला द्या.

२०२५ च्या मे महिन्यात एमएससी एल्सा ३ नावाचं जहाज केरळच्या समुद्रात कललं आणि २५ मेला बुडालं. ६४० कंटेनर होते. तीन-चार दिवसांत आमच्याकडच्या किनाऱ्यांवर त्यातली दाण्यांची पोती लागायला सुरुवात झाली, काही अख्खी, बरीचशी फाटलेली. वाळू पांढरी दिसत होती. केरळ सरकारने राज्य आपत्ती जाहीर केली. आम्ही शनिवार-रविवार जायचो. पहिल्या दिवशी झाडू आणि फावडं घेऊन गेलो तर दाण्यांपेक्षा वाळूच जास्त भरली. मग एकाने समुद्राच्या पाण्याची बादली भरली, त्यात वाळू ओतली आणि वर आलेले दाणे चहाच्या गाळणीने काढले. तुमच्या मुलांचीच पद्धत, मीठ आयतं. पावसात, लाटांच्या शेजारी, वाकून वाकून पाठीचे टाके ढिले झाले आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा तेवढेच दाणे. याआधी २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल नावाचं जहाज जळालं होतं, त्यात तर १,६०० टनांच्या वर दाणे होते असं वाचलेलं. वाचताना "टन" हा नुसता शब्द असतो.

तुमचे तीन दाणे आमच्या जहाजाचे असतील का? मला नाही वाटत. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, आमचे दाणे कन्याकुमारीकडे गेले. वाळूवाचक, चुकत असेन तर सांगा.

धक्क्यावरचा
१३ जानेवारी, रात्री ९.५०

आमची होडी आहे, आता भाऊ बघतो, मी बर्फाच्या धंद्यात. वाचत होतो, म्हटलं दोन गोष्टी सांगू.

भरतीची रेषा एक नसते, बाई. रोजची वेगळी, उधाणाची वेगळी. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे लहान भरतीला, पाणी अर्ध्यावरच येऊन मागं फिरतं. अमावास्या-पुनवेला पार वर, मर्यादवेलीच्या मुळापर्यंत चढतं, आणि तिथं जे टाकतं ते पुढच्या उधाणापर्यंत कोण हलवत नाही. पोरांनी कुठली रेषा घेतली ते आधी विचारा. दुसरं म्हणजे महिना. जूनमध्ये समुद्र वाळू ओढून नेतो, आमच्या घरासमोर तर खालचे दगड उघडे पडतात. मासेमारी बंद असते ते दोन महिने आम्ही बसून तेच बघतो. नारळी पुनवेनंतर हळूहळू वाळू परत येते. म्हणजे मे महिन्यातली वाळू आणि दिवाळीतली वाळू यांची गाठ पडेलच असं नाही.

जाळ्याचं म्हणाल तर पोरांचं खोटं नाही. आजोबांच्या वेळेला सुताची जाळी, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्की करायचे. कुजली की माती. आता नायलॉन आणि प्लास्टिकचा दोर. जाळं शिवायला पुळणीवरच पसरतो, कापलेली टोकं तिथंच पडतात. कोण उचलतो? आम्हीपण नाही उचलत. ते कबूल.

पण एक विचारू? तुमच्या तक्त्यावर होडी काढलीत म्हणून विचारतो. १२७ मध्ये १०४ निळे. आमच्या जाळ्यांत हिरवं पण तेवढंच असतं, दोर पिवळा असतो, नारिंगी असतो. नुसतं निळंच कसं काय आलं?

तुमच्या शाळेचा गणवेश कुठल्या रंगाचा आहे?

खाडीकाठची बाई
१३ जानेवारी, रात्री १०.०२

निळा.

खाडीकाठची बाई
१३ जानेवारी, रात्री १०.२०

वरचं लिहून पंधरा मिनिटं नुसती बसले होते. गडद निळी पँट, गडद निळा स्कर्ट, टेरिकॉट. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलं तशीच पुळणीवर गेली हे मीच वर लिहिलंय. वाळू सुकली ती पडवीत, जिथून मधल्या सुट्टीत दोनशे निळे स्कर्ट-पँटी धावतात. आणि बशीवर पाच जण एकदम डोकं घालून मोजत होते.

आम्ही मच्छीमारांवर आळ घेतला आणि पुरावा आमच्या अंगावर होता.

अर्थात सगळेच गणवेशाचे असतील असंही नाही. आता हे वेगळं करायचं कसं? दोन्ही धागे सुईने वितळतात, मी आत्ताच घरी करून पाहिलं. नवऱ्याने विचारलं, एवढ्या रात्री काय जाळतेस. धागे अजून आहेत, प्रदर्शनासाठी काचेच्या झाकणाच्या डबीत ठेवलेले. आणि धक्क्यावरचे दादा, तुम्ही पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून याल का?

शंकासुर
१३ जानेवारी, रात्री १०.३१

हे मात्र झकास झालं. आता मलाही उत्तर पाहिजे.

वाळूवाचक
१४ जानेवारी, सकाळी ६.५०

दादा, साष्टांग नमस्कार. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्या वर्षी मला हाच प्रश्न विचारला होता, फक्त ओढणीबद्दल. तेव्हापासून प्रयोगशाळेत सुती पांढरा कोट आणि बाहेर सुती कुर्ता, तोही शक्यतो नारिंगी, म्हणजे माझा धागा नमुन्यात पडला तर मला ओळखू येतो.

बाई, तुमच्याकडे यंत्र आहे की. मिठाचं पाणीच.

१. निळे धागे साध्या पाण्यात टाका, भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब घाला, सुईने बुडवून ढवळा आणि झाकून रात्रभर ठेवा. थेंब हवाच, नाहीतर बारीक धागा पाण्याच्या पृष्ठभागालाच चिकटून बसतो आणि फसवतो. सकाळी वर असतील ते दोराचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन. ट्रॉलची, म्हणजे होडीमागे ओढत न्यायची, जाळी बहुधा पॉलिथिनचीच असते.

२. बुडालेले काढून गाळलेल्या मिठाच्या पाण्यात टाका. पुन्हा ढवळा, पुन्हा रात्रभर. आता वर येतील ते नायलॉन, जाळ्याचं. खालीच राहतील ते पॉलिएस्टर किंवा सूत. टेरिकॉट म्हणजे या दोघांचंच मिश्रण.

आता गंमत पाहा. तुम्ही पहिल्यांदा धागे गोळा केले तेच मुळी मिठाच्या पाण्याच्या वरून. पॉलिएस्टर त्या पाण्यात खालून वर यायलाच नको. तरीही ते वर सापडलं असेल तर ते वाळूतून वर चढलं नाही, हवेतून खाली पडलं. एखाद-दुसरा बुडबुड्याला चिकटून चढू शकतो, पण ढिगाने नाही.

त्रिवेंद्रमकर, प्रवाहाचं तुमचं बरोबर आहे. पावसाळ्यात दक्षिणेकडे, नोव्हेंबर ते जानेवारीत उलट उत्तरेकडे. पण दाण्यांना घाई नसते. त्यामुळे तीन दाण्यांवरून कोणाचंही नाव घेऊ नये. निळ्या धाग्यांवरून आपण एकदा घेतलंच आहे.

खाडीकाठची बाई
८ फेब्रुवारी, सायंकाळी ६.१५

उशीर झाला. मध्ये २६ जानेवारी, स्नेहसंमेलन आणि माझा दातांचा डॉक्टर.

आधी जुन्या डबीचं. १०४ पैकी ९६ निळे धागे हाती लागले, आठ चिमट्याने उचलताना हरवले (एक बहुतेक माझ्या शिंकेत). साध्या पाण्यावर १७ तरंगले. बुडालेल्या ७९ मधले ११ मिठाच्या पाण्यात वर आले. उरलेले ६८ दोन दिवस झाले तरी तळाशी. एका मुलाने स्वतःच्या पँटचा धागा काढून शेजारी ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली रंग आणि जाडी दोन्ही जुळली. तो बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "बाई, ह्यो मीच हाय."

मग पुन्हा मोजणी, या वेळी रविवारी. सगळ्यांनी घरचे सुती कपडे घालायचे, निळं काही नाही. एकाकडे सुती काहीच नव्हतं, तो आजोबांचा पंचा आणि बंडी घालून आला आणि दिवसभर भाव खाऊन गेला. पन्नास मीटरच्या सुंभाला मीटर-मीटरवर गाठी मारल्या, चिठ्ठ्यांवर १ ते ५० आकडे घालून डब्यातून काढले. चिठ्ठी सांगेल त्या गाठीशी वाळू घ्यायची, कचरा असो नसो. रेषा तीन: ओहोटीची ओली वाळू, रोजची भरती आणि दादांची मर्यादवेलीपाशी उधाणाची रेषा. प्रत्येक रेषेवर तीन जागा, प्रत्येक जागी वरच्या ५ सेंटिमीटरमधली वाळू, ती सुकवून एक किलो. सुकवली बंद खोलीत, स्टीलच्या परातीत, वर झाकण. मिठाचं पाणी आधी गाळलं. तीन कोऱ्या बश्या ठेवल्या.

ओल्या वाळूच्या तीन किलोत ४ तुकडे. रोजच्या रेषेवर २२. उधाणाच्या रेषेवर ७१. कोऱ्या बश्यांत मिळून ५ धागे, पैकी निळा एकही नाही.

एकूण ९७ मध्ये निळे धागे १९. साध्या पाण्यावर १४ तरंगले, मिठाच्या पाण्यावर ४ आले, एक बुडाला. म्हणजे दादा, तुमच्या जाळ्या-दोरांचे अठरा आहेतच, १०४ नाहीत. हिरवेही निघाले या वेळी, २३. पहिल्या वेळी निळ्याच्या गर्दीत हिरवे नीट मोजलेच गेले नव्हते का, हे आता कळायला मार्ग नाही. ती वही शोधतेय.

शंकासुर, तुम्ही विचारलं होतं, करणार काय त्याचं. तुमचा प्रश्न मी वर्गात वाचून दाखवला. मुलांनी वाद घातला, एकमत झालं नाही. पण एका मुलीचं म्हणणं असं की शाळेची सफाई मोहीम दर वेळी पाण्याच्या कडेने चालते, कारण तिथे चालायला बरं, आणि ७१ तर वर मर्यादवेलीत आहेत. पुढची मोहीम वरून सुरू करायची ठरलंय. काटे आहेत तिथे, चपला घालून.

दोन प्रश्न उरले. उधाणाच्या रेषेवर आणखी दोन साबुदाणे मिळाले, दोन्ही मोजण्यांचे मिळून पाच झाले. पहिल्या मोजणीतल्या तीनपैकी एक पिवळट आहे. मुलं विचारतात, पिवळा म्हणजे जुना का? आणि मे महिन्यात पुन्हा मोजायचं तर नेमकं कधी जावं?

धक्क्यावरचा
८ फेब्रुवारी, रात्री ९.१०

मे महिन्यात अमावास्येचं उधाण होऊन गेलं की दोन दिवसांनी जा. उधाणाच्या दिवशी नको, वरची रेषा ओली असते आणि पोरं ऐकत नाहीत. पाऊस अंगावर यायच्या आत उरका. अठरा मान्य. भावाला दाखवलं, तो म्हणाला, मोजणारे आजवर कोणी आले नव्हते, आरोप करणारे आलेत. जाळी शिवतो तिथं एक पिंप ठेवलंय, बघू किती दिवस राहतंय. मागचं चोरीला गेलं.

वाळूवाचक
९ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

बाई, हा तक्ता तुमच्या परवानगीने आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावणार आहे. पंचा-बंडीसकट.

पिवळा दाणा बराच काळ उन्हा-पाण्यात राहिलेला असतो. वय वर्षांत सांगता येत नाही, पण पांढऱ्यापेक्षा त्याने जास्त दिवस समुद्र बघितलाय असं समजायला हरकत नाही. समुद्राच्या पाण्यातली पीसीबी, डीडीटीसारखी विषारी रसायनं अशा दाण्यांवर साठत जातात. टोकियोच्या कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठातले हिदेशिगे ताकादा २००५ पासून जगभरच्या लोकांकडून असे दाणे पोस्टाने मागवत आले आहेत, अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, शक्यतो पिवळे. एका किनाऱ्याचे शंभर-दोनशे लागतात.

खाडीकाठची बाई
२२ फेब्रुवारी, दुपारी ४.४५

हे मुलांना सांगायला नको होतं. आता रोज सकाळी प्रार्थनेआधी कोणीतरी फॉइलची पुडी घेऊन टेबलापाशी उभं असतं. त्यात एकदा खरा साबुदाणा होता, महाशिवरात्रीनंतरचा. तोही पाण्यात टाकून बघितला, नियम म्हणजे नियम.

सध्या ११ झालेत. पिवळे ४.